धरणाचा पाझर शोधणारी फायबर केबल आणि निविदेतील एक अट : जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नाशिकची तहान भागवणारे गंगापूर धरण मातीचे आहे. मातीच्या धरणाला आतल्या पाझराचा मोठा धोका असतो आणि २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मातीचे तिवरे धरण फुटल्यापासून अशा धरणांच्या देखरेखीची काळजी मनातून जात नाही. पायथ्याच्या चरात पुरलेली ऑप्टिकल फायबर केबल तापमानातील बदलावरून पाझराचा माग काढू शकते. अशी यंत्रणा जरूर घ्यावी. मात्र ती किती लांबीतला बदल वेगळा ओळखते, म्हणजेच तिची विभेदनक्षमता किती, ही अट निविदेत स्पष्ट असावी.

केबलमधल्या काचेच्या तंतूत सोडलेल्या प्रकाशस्पंदाचा अल्पसा अंश जागोजागी विखुरून मागे येतो; या प्रकाशातील फरकावरून तापमान आणि परतण्याच्या वेळेवरून जागा कळते. स्पंद १० नॅनोसेकंदांचा असेल, तर सुमारे १ मीटर लांबीतला प्रकाश एकत्रच परततो, त्यामुळे १० सेंटिमीटर रुंदीच्या पाझराची खूण उरलेल्या कोरड्या मातीच्या सरासरीत विरून जाते. स्पंद आखूड करावा, तर परतणारा प्रकाश क्षीण होतो. तंतूवरचा ताण मोजणाऱ्या ब्रिल्वाँ नावाच्या पद्धतीत किंचित कमी-जास्त रुंदीच्या दोन स्पंदांची मोजमापे वजा करून ही कोंडी फोडता येते : फरक १ नॅनोसेकंदाचा असेल, तर विभेदन सुमारे १० सेंटिमीटरचे मिळते. तापमानासाठी मात्र केबलमध्ये तंतू मळसूत्राप्रमाणे गुंडाळणे मला अधिक व्यवहार्य वाटते, कारण मग मीटरभर तंतू चराची थोडीच लांबी व्यापतो.

फसगत होते ती माहितीपत्रक वाचताना. यंत्र दर २५ सेंटिमीटरला आकडा नोंदवते, म्हणून विभेदनही २५ सेंटिमीटरचे, असे मुळीच नसते. निविदेत या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे मागाव्यात, आणि त्याही केबलच्या दूरच्या टोकाशी, अपेक्षित अचूकता व मोजणीचा वेळ नमूद करून.

तपासणीची सोय नाशिकमध्येच व्हावी. दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या ‘मेरी’त, तंतूचे १० सेंटिमीटर, २५ सेंटिमीटर आणि १ मीटर लांबीचे भाग कोमट पाण्यात बुडवून पुरवठादाराचे यंत्र त्यांतले कोणते ओळखते, हे पाहावे. त्या अहवालाशिवाय देयक मंजूर होऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
नाशिकमधील एक नागरिक