आधी एक खुंटी कर

गोरेगाव, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली खरेदीची यादी वाचली. कुऱ्हाड, दोन चाकू, चकमक, नायलॉनची दोरी, कंबरेचा पट्टा. लेकीला शेजारी बसवून लाकडातून, बांबूतून काहीतरी हातानं घडवायचं तू मनावर घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पण एवढं सामान आत्ता घेऊ नकोस. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडे नागदेवीला हत्यारांची दुकानं आहेत, तिथून तीनच वस्तू आण: न मिटणारा चाकू, बारीक दातांची करवत आणि धार लावायचा निसणा. चाकूचं पातं चार बोटांएवढं पुरे, मात्र त्याचं पोलाद मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं हवं. मिटणारा चाकू जोर लावताना बोटांवर मिटू शकतो, म्हणून नवशिक्याच्या हातात तो नकोच. कुऱ्हाडीचं पुढच्या वर्षी बघू.

लाकूड कुठून आणायचं, हे तू विचारलंस ते बरं केलंस. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून काडीसुद्धा उचलायची नाही. तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. आणि कायदा नसता तरी पडलेलं लाकूड तिथल्या वाळवीचं, बुरशीचं आणि पाखरांचं आहे, असं मी मानतो. शहरातल्या झाडांनाही 1975 च्या कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा रस्त्यावरची फांदी आपण तोडायची नाही. त्याची गरजही पडत नाही. पावसाळ्याआधी गल्लोगल्ली फांद्या छाटतात, सोसायट्यांच्या आवारात ढीग पडतात. माळ्याला किंवा वॉचमनला विचारलंस तर तो आनंदानं देईल. सुबाभूळ मिळाली तर उत्तम. ओली असताना ती चाकूखाली सहज सोलते, वाळल्यावर चांगली टणक होते. फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, उघड्यावर टाकल्यास टोकांकडून तडकतात. फक्त कण्हेर आणि पिवळी कण्हेर ढिगातून आधी बाजूला काढ. दोन्ही झाडं मुळापासून पानापर्यंत विषारी आहेत. लेकीलाही ती ओळखायला शिकव.

आता काय करायचं? तंबूची खुंटी. तुला ती फार साधी वाटेल, पण चाकूचे बहुतेक सगळे काप त्या एका वस्तूत येतात, म्हणून मी तिच्यावर अडून बसतो. अंगठ्याहून जाड, वीतभराहून थोडी लांब फांदी घे. एका टोकाला चार बाजूंनी तासून अणी काढ, पण ती सुईसारखी करू नकोस. दगडावर आपटली की मोडते, म्हणून टोक किंचित बोथट ठेव. दुसरं टोक हे डोकं, त्याची कड सगळीकडून तिरकी उतरव. कड तशीच ठेवली तर ठोकताना मार काठावर बसतो आणि लाकूड चिरतं.

मग दोरी अडकवायची खाच. तिथे खरी कसोटी आहे. डोक्यापासून दोन बोटं खाली करवतीनं आडवा काप दे, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खोल. मग अणीच्या बाजूनं चाकू त्या कापाकडे चढवत ने आणि पातळ पातळ ढलप्या काढ. चाकू करवतीच्या कापाशी आपोआप थांबतो. सरळ भिंत डोक्याकडे, उतार अणीकडे. तणाव आला की दोरी त्या भिंतीला अडकते, वर निसटत नाही. भिंत आणि उतार उलटे झाले, तर खुंटी दिसायला देखणी असूनही निरुपयोगी.

बसायची पद्धत आधी ठरव. कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे, पातं नेहमी अंगापासून दूर जाणारं. मांड्यांच्या मध्ये लाकूड धरून कधीच तासू नये. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते, तिथली जखम जिवावर बेतते. हात लांब करून फिरवला तर कुणाला लागू नये, एवढी मोकळी जागा भोवती हवी. आणि धार कायम चोख ठेव. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते घसरतं.

खुंटी जमली की कालथा कर. चमच्याची वाटी कोरायला वाकडं पातं लागतं, कालथ्याला तुझा चाकू पुरतो. आंब्याचं लाकूड चांगलं, फक्त त्याचा चीक अंगाला लागू देऊ नकोस. कालथा पंख्याखाली न ठेवता सावलीत हळूहळू वाळव, मग जवसाचं तेल लाव. खोबरेल सुकत नाही, लाकूड चिकट राहतं. जवसाचं तेल मात्र आत मुरून घट्ट होतं.

दोरीचं काम लेकीकडे दे, लहान बोटं त्यात रमतात. केळीच्या सोपटाचे ओले पट्टे घ्यायचे आणि त्यांच्या दोन बटा करायच्या. प्रत्येक बट उजवीकडे पिळायची आणि ती दुसरीवरून डावीकडे टाकायची. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही असं आपण म्हणतो, तो पीळ कसा बसतो हे तिला स्वतःच्या हातांनी कळेल. नवा पट्टा जोडताना दोन्ही बटांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, दोरी तिथेच तुटते.

बांबूचा पेला तर अगदी सोपा. गाठीच्या खाली एक काप, वर पुढच्या गाठीच्या अलीकडे दुसरा, आणि कड घासून गुळगुळीत. दोन्हीकडून बंद असलेलं पेर मात्र शेकोटीत कधी टाकू नका. आतली हवा आणि वाफ कोंडून ते बंदुकीसारखं फुटतं.

रविवारी सकाळी दोघं इकडेच या. आमच्या गच्चीवर सावली आहे, फांद्या मी गोळा करून ठेवतो. नवा चाकू आणलास तर त्याची धार इथेच लावू. लेकीला बंद बूट घालायला सांग, हातातून सुटलेला चाकू आधी पायावरच पडतो. आणि वहिनींनाही घेऊन ये.

तुझा,
अवी