पाणी वेगळं, वाळू वेगळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर गोल्फवर लेख आला, हेच आम्हा आर्वी तालुक्यातल्या वाचकांना अप्रूप. पण लेखकाने पाणी आणि वाळू एकाच दावणीला बांधली, ते पटलं नाही. तळ्याच्या अलीकडे चेंडू ठेवणाऱ्या खेळाडूने ‘कच खाल्ली’ हे तर मुळीच नाही.

मी तरुणपणी छावणीच्या गोल्फ मैदानावर कॅडी होतो, म्हणजे साहेबांचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) वाहणारा. चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला तर दंड नाही, पुढचा फटका तेवढा अवघड. पाण्यात गेला की एक फटका दंड, आणि चेंडू बहुधा गेलाच. पाण्याच्या कडेला लाल खुंट्या असतील तर तो जिथून आत शिरला तिथून दोन क्लबांच्या लांबीत, होलच्या (चेंडू शेवटी घालायच्या भोकाच्या) जवळ न जाता, नवा चेंडू टाकता येतो. पिवळ्या खुंट्यांना ती सवलतही नाही, मागे जावं लागतं. म्हणून ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, डावीकडे तळं आणि उजवीकडे बंकर असेल तर झेंडा कुठेही असो, रोख उजवीकडे धरावा. चुकलंच तर वाळूत चुकू दे.

साहेबलोकांची एक खोड असते. आयुष्यात एकदा लागलेला सगळ्यात लांब फटका, तोच त्यांच्या हिशेबात. पाण्याचं अंतर पलीकडच्या काठापर्यंत धरून रोजच्या फटक्याशी ताडायचं असतं, आणि समोरून वारा असला तर सात नंबर सोडून सहा नंबरचं आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब; नंबर लहान तितका चेंडू लांब) घ्यायचं. आम्ही म्हणायचो, “अलीकडंच ठेवा जी.” काही ऐकत. जे ऐकत नसत त्यांचे चेंडू आम्ही संध्याकाळी तळ्यातून काढून विकायचो, त्यामुळे आमची काही तक्रार नव्हती.

1999 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा, स्कॉटलंडमधलं कार्नुस्टी मैदान. फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड शेवटच्या होलला आला तेव्हा सहा फटक्यांत संपवलं तरी जिंकणार होता. दुसरा फटका ओढ्याच्या अलीकडे ठेवायचा सोडून त्याने दोन नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनकडे मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आपटून मागे उंच गवतात आला, तिथून ओढ्यात. गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला, पण शेवटी दंडच घेतला. पुढचा फटका बंकरमध्ये गेला आणि तिथून तो दोनच फटक्यांत सुटला! दंड धरून एकूण सात. बरोबरी झाली, मग ती सोडवायच्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, पॉल लॉरी जिंकला. घात पाण्याने केला, वाळूने नव्हे.

वाळूतून काढताना चेंडूला मारायचंच नसतं. सँड वेजचं (वाळूसाठीच्या क्लबचं) तोंड जरा उघडं, म्हणजे आभाळाकडे वळवून, ठेवून, पाय रुतवून, चेंडूच्या दोनेक इंच मागे वाळूत मारायचं आणि हात मध्येच थांबवायचा नाही. त्याआधी चेंडूमागे क्लब वाळूला टेकवला तर मात्र दंड बसतो. एका साहेबांनी दिलेली जुनी वेज घेऊन आमच्या गावची पोरं उन्हाळ्यात कोरड्या नाल्यात हेच करतात. पावसानंतर वाळू ओली, घट्ट असली की क्लब उसळतो आणि चेंडू पलीकडच्या तुरीत जातो. तेव्हा तोंड कमी उघडायचं, हे पोरांना कुणी शिकवलं नाही.

लेखकांना विनंती एवढीच, पुढच्या वेळी खेळाडूने चेंडू अलीकडे ठेवला असं लिहाल तेव्हा पलीकडचा काठ किती यार्डांवर होता तेही छापा. कच खाल्ली की नाही, ते वाचक ठरवतील.

आपला,
एक जुना कॅडी
ता. आर्वी, जि. वर्धा