वकील ताई, त्या दिवशीच्या सहीबद्दल

ताई नमस्कार, आभार मानायचे राहूनच गेले, आठ महिने झाले. पोरगी घरी आहे, शाळेत जातेय, एखादा दिवस वाईट जातो पण चाललंय.

तुम्ही लीगल एडकडून आलात तेव्हा मी हॉस्पिटलात बाकड्यावर, पोरीला मानसिक आजारासाठी ॲडमिट करायचा फॉर्म उलटा धरून बसलो होतो, तुम्ही तो सरळ करून माझ्या हातात दिलात, एक शब्द न बोलता. आधीच्या हॉस्पिटलात म्हणाले पोरगी नको म्हणतेय ना, मग कोर्टाची ऑर्डर आणा, आणि नातेवाईक म्हणत होते एकदा सही केलीस की तुला कोणी विचारणार नाही, शॉक देतील. तुम्ही मोबाईलवर २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम ८७ काढलंत आणि मला समजेल असं सांगितलंत, की पोरगी अठराच्या आतली म्हणून अर्ज पालकाचा, पण नुसत्या त्याच्यावर ॲडमिट करत नाहीत, दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक तरी सायकियाट्रिस्ट हवाच, आणि ॲडमिट केल्याशिवाय भागणार नाही असं दोघांचंही मत पडायला हवं. लहान मुलांना शॉक द्यायचा तर पालकाची संमती आणि आधी रिव्ह्यू बोर्डाची, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची, परवानगी लागते. आणि मी डिस्चार्ज मागितला तर द्यावाच लागतो, हे तर मी तुमच्याकडून दोनदा वदवून घेतलं, मग सही केली.

एका गोष्टीचा राग आलेला, आता सांगतो. मुलीचा पालक पुरुष असेल तर तिच्यासोबत बाईमाणूस राहायलाच पाहिजे म्हणे, मी बाप आहे हो तिचा! तुम्ही वाद नाही घातलात, एवढंच म्हणालात की तो नियम तुमच्याकडे बघून नाही केलेला. मग माझी बहीण येऊन राहिली.

ॲडमिट केल्याचं हॉस्पिटलने ७२ तासांत बोर्डाला कळवलं की नाही तेही तुम्हीच फोन करून विचारलंत, मला कुठलं सुचतंय. ३० दिवसांच्या वर गेलं तर बोर्ड सात दिवसांत रिव्ह्यू घेतं हे फॉर्मच्या झेरॉक्सवर मागे लिहून दिलेलंत, ती वेळ आली नाही, १९ दिवसांत सुटलो.

पण खरं थँक्यू वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. सगळे माझ्याशी बोलत होते, तिला काय हवंय ते फक्त तुम्ही विचारलंत. ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली रात्री लाइट बंद करू नका. तुम्ही ते तसंच्या तसं लिहून घेतलंत आणि डॉक्टरांना वाचून दाखवलंत.

आत्या सांगते, १९ च्या १९ रात्री लाइट चालू होता.

पोरीचे पप्पा