शो-कॉज नोटीस टीव्हीखाली ठेवून चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर बातमी होती, शेअर बाजारातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीच्या प्रकरणात सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, अंतरिम (तात्पुरता) आदेश आला म्हणून, आणि वर तुम्ही हेडिंग टाकलं 'घोटाळेबाजांना दणका'. आत बातमी वाचली तर 'प्रथमदर्शनी' हा शब्द तीनदा आलाय. म्हणजे त्या लोकांचं म्हणणं अजून ऐकायचंच आहे. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर मात्र सकाळी सात वाजताच निकाल लागला, एक जण म्हणाला आता हे मोठमोठे वकील लावणार, तारखा पाडणार आणि सुटणार, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली असती, पण गेली दोन वर्षं साडूच्या फायलीत डोकं घालून बसलोय त्यामुळे राहवत नाहीये.

आधीच सांगतो, मी वकील नाही. सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि मॅनेजर होऊन रिटायर झालो, कागद वाचायची सवय आहे एवढंच.

साडूचं हार्डवेअरचं दुकान. २०१४ च्या सुमारास गावातल्या एका सब-ब्रोकरच्या, म्हणजे ब्रोकरच्या हाताखालच्या दलालाच्या, पोराने त्याला गळ घातली की दादा तुमचं ट्रेडिंग अकाउंट नुसतं उघडून द्या, बाकी आम्ही बघतो, महिन्याला दोन हजार तुमच्या खात्यात. याने फॉर्मवर जिथे पेन्सिलची खूण होती तिथे सगळीकडे सह्या केल्या, पासवर्ड कधी बघितलाच नाही आणि विसरून गेला. मग काही वर्षांनी मुंबईहून सेबीचं जाडजूड पाकीट आलं, आत शो-कॉज नोटीस, म्हणजे 'तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा'. इंग्रजीत. याने ते टीव्हीखालच्या कप्प्यात, लाईट बिलाच्या वर ठेवलं, मी विचारलं असतं तर म्हणाला असता काही नाही, शेअरची जाहिरात आहे. दुसरं पत्र जुन्या भाड्याच्या घरी गेलं आणि तिथल्या दाराला चिकटवलं गेलं. याला प्रकरण कळलं कधी, तर सिमेंटवाल्याला दिलेला चेक बाऊन्स झाला तेव्हा, कारण तोवर एकतर्फी आदेश होऊन पाच लाखांचा दंड लागला होता, तो भरला नाही म्हणून सेबीच्या वसुली अधिकाऱ्याने दुकानाचं करंट अकाउंट अटॅच केलं होतं.

प्रकरण काय होतं ते थोडं समजून सांगतो कारण यात आपल्याकडचे बरेच साधे लोक सापडलेत. बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, स्टॉक ऑप्शन सेगमेंटमध्ये (ऑप्शन म्हणजे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क) एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१५ या काळात एक खेळ चालायचा. समजा अकरा वाजता 'अ'ने 'ब'ला एक ऑप्शन २ रुपयाला विकला आणि पाच मिनिटांनी तोच ऑप्शन त्याच 'ब'कडून ९ रुपयाला परत घेतला. शेअरचा भाव जागचा हललेला नाही, त्या ऑप्शनला बाजारात कुत्रं विचारत नाही, तरी 'अ'ला सात रुपये तोटा आणि 'ब'ला सात रुपये नफा, आणि ज्याला कागदावर तोटा पाहिजे होता त्याला तो मिळाला, ज्याला नफा पाहिजे त्याला नफा. सेबीने मोजलं तर त्या सेगमेंटमधले ८० टक्क्यांहून जास्त सौदे असे उलटसुलट निघाले, आणि यात गुंतलेली नावं १४,७२०. यात मोठे मासे असतीलच, पण माझ्या साडूसारखे खातं भाड्याने देणारे पण आहेत. तो धुतल्या तांदळाचा आहे असं माझं म्हणणं नाही, महिना दोन हजार घेताना याला एकदाही वाटलं नाही की कोणी फुकट पैसे का देतंय.

आता बचावाचं. सिनेमात बघितलेलं असतं की हेतू सिद्ध झाला नाही, सबळ पुराव्याअभावी निर्दोष. सेबीपुढे ते गणित चालत नाही, आणि हे मलाही माहीत नव्हतं. सेबीच्या २००३ च्या नियमांमध्ये फ्रॉडची व्याख्याच अशी आहे की कृत्य कपटाने केलेलं असो वा नसो, दुसऱ्याला सौदा करायला उद्युक्त करण्यासाठी असेल तर ते त्यात येतं. दंड लावायला गुन्हेगारी हेतू दाखवायची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने श्रीराम म्युच्युअल फंडच्या केसमध्ये २००६ लाच सांगून ठेवलंय. पुरावा किती लागतो? किशोर अजमेरा केस, २०१६, तिथे कोर्ट म्हणतं की आजूबाजूची परिस्थिती बघून, सौद्यांची वेळ, व्हॉल्यूम, पुन्हा पुन्हा तोच समोरचा माणूस हे सगळं एकत्र ठेवून अंदाज बांधता येतो, पारडं ज्या बाजूला झुकतं तिकडे निकाल. तुरुंगात टाकायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी सेबी कायद्याच्या कलम २४ खाली कोर्टात खटला भरावा लागतो, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे मात्र संशयाचा फायदा आरोपीला. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात, तुमचे वार्ताहर पण करतात, राग मानू नका.

'यात कोणाचं नुकसान झालं सांगा' हा पण आवडता बचाव, साडूने मला पहिल्या दिवशी हाच ऐकवला. राखी ट्रेडिंग नावाच्या केसमध्ये हा मुद्दा सॅटमध्ये चालला होता, सॅट म्हणजे सेबीच्या वरचं अपील न्यायाधिकरण, नरिमन पॉइंटला आहे. तिथे म्हणणं होतं की निफ्टीच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या) ऑप्शनमधल्या चार सौद्यांनी निफ्टी थोडाच हलतोय. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, आधीच ठरवलेला नफा-तोटा एकमेकांना पोचवायला बाजाराचा वापर केला हेच चुकीचं. विषय संपला.

मग राहतं काय, तर कागद. ज्याला आपण तांत्रिक मुद्दा म्हणून नाक मुरडतो ते. रिको इंडियाचे माजी एमडी ताकानो यांच्या केसमध्ये फेब्रुवारी २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की ज्या तपास अहवालावर तुम्ही माणसाला नोटीस देता तो अहवाल त्याला द्यायला पाहिजे, फार तर दुसऱ्यांची खाजगी माहिती झाकून द्या. विचार करा, २०२२ पर्यंत यावर भांडावं लागत होतं! बँकेत कुठल्या क्लार्कची चौकशी लागली आणि त्याला इन्स्पेक्शन रिपोर्ट दाखवला नाही तर आमची युनियन दारात बसायची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पीसी ज्वेलर कंपनीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे आतल्या माहितीवर शेअरचे सौदे केल्याच्या, केसमध्ये कोर्टाने सांगितलं की नातेवाईक आहेत आणि शेअर विकण्याची वेळ जुळते एवढ्यावरून आतली माहिती पोचवली असं धरता येणार नाही, त्या घरात तर आपसात पटतच नव्हतं. व्हॉट्सअॅपवर कंपन्यांचे निकाल आधीच फिरले त्या प्रकरणात सॅटने २०२१ मध्ये दंड रद्द केले कारण मेसेज मूळ कंपनीतून फुटला हे कुठेच दाखवता आलं नव्हतं, बाजारात उठणाऱ्या शंभर वावड्यांपैकी एखादी खरी निघते त्यातला प्रकार, आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. यात पळवाट कुठे आहे? सेबीकडे जी कडी नव्हती ती नव्हती.

उशिराचा मुद्दा पण आहे. कायद्यात नोटीस किती वर्षांत द्यायची याला मुदत नाही, पण वाजवी वेळेत द्या असं भावेश पाबारी केसमध्ये २०१९ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. सात वर्षांपूर्वीचं सब-ब्रोकरचं ऑफिस आता मोबाईल कव्हरचं दुकान झालेलं असतं, माणसाने कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे सौद्यांच्या पावत्या, आणायच्या कुठून. अर्थात उशीर झाला म्हणून आपोआप कोणी सुटत नाही, तुमचं त्याने नक्की काय अडलं ते दाखवावं लागतं.

आणि हे सगळं केव्हा, तर नोटिशीला उत्तर दिलं तर. साडूच्या आदेशात एक वाक्य आहे, नोटीसधारकाने उत्तर दिलं नाही आणि सुनावणीलाही आला नाही, त्यामुळे आरोप नाकारलेले नाहीत असं समजण्यात येतं. पुतणी कंपनी सेक्रेटरी आहे, तिने ते वाक्य पिवळ्या मार्करने रंगवून आम्हाला पाठवलं. कलम १५ एचए खाली दंड कमीत कमी पाच लाख, जास्तीत जास्त २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यातलं जे जास्त असेल ते. याच प्रकरणांसाठी सेबीने २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीनदा सेटलमेंट योजना काढली, छोट्या माणसाला पाच लाखांपेक्षा बरीच कमी रक्कम भरून, गुन्हा कबूल न करता मोकळं होता आलं असतं. पाकीट टीव्हीखाली. मला तर वाटतं अशा माणसाने लढण्यापेक्षा सेटलच करावं, पण त्यासाठीही आधी पाकीट फोडावं लागतं.

सॅटमध्ये अपील ४५ दिवसांत. आमचे ते केव्हाच निघून गेले, म्हणून उशीर माफ करा असा वेगळा अर्ज जोडलाय. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, केवायसी फॉर्मवर मोबाईल आणि ईमेल कोणाचा आहे? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. झेरॉक्स मागवली तर दोन्ही त्या सब-ब्रोकरच्या पोराचे, म्हणजे सौद्याचे मेसेज साडूला कधी आलेच नव्हते. मला वाटलं जिंकलो. बाई म्हणाल्या थांबा, बँकेचं पासबुक काढा. पासबुकात दर महिन्याला दोन हजार जमा आहेत, समोर ब्रोकरचं नाव, आणि एवढ्या वर्षांत साडूने एकदाही तक्रार केलेली नाही. खातं दुसऱ्याने चालवलं हे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतात, मग तक्रार का नाही केली. तो कागद आमच्या बाजूने आणि हा आमच्या विरुद्ध, दोन्ही एकाच फायलीत लावलेत, पासबुक लपवूया का असं साडूने विचारलं तर बाईंनी त्याला असं झापलं की बायको पण खूश झाली.

तुमच्याकडे मागणं छोटंसंच आहे. अंतरिम आदेशाची बातमी द्या, मोठी द्या, लोक सावध होतात. पण त्यात नोटिशीला उत्तर द्यायची मुदत किती आणि अपील कुठे हे दोन ओळीत टाका, आणि तेच प्रकरण पुढे सॅटमध्ये रद्द झालं किंवा कायम झालं तर ते अकराव्या पानावर टेंडर नोटिसांच्या खाली नको, जिथे आधी छापलं होतं तिथेच छापा. मुदत प्रत्येक नोटिशीत लिहिलेलीच असते, वार्ताहराने फक्त शेवटचं पान बघायचं. एकाने जरी वाचून घरातलं पाकीट फोडलं तरी बस.

आमच्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय झालं ते कळवीन, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज