बैठकीच्या फरशीबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि मिस्त्रीला वेगळंच सांगतात. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. मिस्त्री आला की हे पत्र त्याच्यासमोर वाचा.

बाबा, १९९३च्या भूकंपानंतर माळवद उतरवलं तेव्हापासून त्या सागवानी तुळया गोठ्यात पडून आहेत. त्या चिरून बैठकीत लाकडी पट्ट्या टाकायचं तुमच्या मनात आहे. मला मोह झाला नाही असं नाही. पण औशाच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि आई रोज ओल्या फडक्यानं पुसल्याशिवाय राहणार नाही. कडेच्या तुळईचं टोक जरा नखानं खरवडून बघा, भुगा पडतो. वाळवी आधीच पोचलीय.

म्हणून लातूरच्या दुकानात लाकडी डिझाईनची पोर्सेलिन टाइल बघून ठेवली. तुम्ही म्हणाल, खोटं लाकूड कशाला? मला लाकूड दाखवायचंच नाहीये. मागच्या दिवाळीत माझ्याकडच्या चकचकीत फरशीवर आईचा पाय घसरला होता, तो माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. या टाइलला लाकडाच्या रेघांची उलीशी खरखर आहे. दुकानात मी चप्पल काढली, बाटलीतलं पाणी दोन टाइलांवर ओतलं, एक चकचकीत आणि एक ही. चकचकीतवर टाच लगेच सरकली, हिच्यावर पाय धरून राहिला. दुकानदार बघत बसला, बसू दे. खोक्यावर 'मॅट' आणि 'आर १०', म्हणजे पाय किती धरतो त्याचा आकडा, लिहिलेलंच घ्यायचं. त्याच डिझाईनमध्ये पॉलिश केलेला मालही येतो, तो स्वस्तात देतो म्हटलं तरी नको.

ही टाइल बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते, पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते. वाळवी, ओल, सांडलेलं तेल, कशाचीच भीती नाही. पण त्याच गुणामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. टाइल चिकटवायचं अॅडेसिव्हच लागेल, आणि तेही दातेरी थापीनं सगळीकडे पसरून. चार कोपऱ्यांत आणि मधे एक असे गोळे ठेवून मिस्त्री टाइल दाबायला लागला की थांबवा. खाली पोकळ राहिलं की खाट सरकवताना तडकते. दुसऱ्या दिवशी नाण्यानं वाजवून बघा, बद्द वाजली तर काढायला लावा.

त्याआधीचं काम महत्त्वाचं. जुनी शहाबादी तशीच ठेवून वर टाइल लावू असं तो म्हणेल. दारापासची शहाबादी खचलीय, कारण खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेवढा भाग तरी उकरून मुरूम भरा, धुम्मस करून कोबा घाला. निघालेल्या फरश्या फेकू नका, न्हाणीपुढे लागतील.

टाइल आठ इंच रुंद, चार फूट लांब आहे. एवढ्या लांब पट्टीला मधे बारीकसा बाक असतोच. मी दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून धरल्या, तर एका खोक्यातल्यांच्या मधे रुपयाचं नाणं शिरलं, दुसऱ्यातल्यांत नाही शिरलं. ते दुसरं खोकं ज्या मालातलं, तोच मागवलाय. विटांसारखा अर्ध्यावर सांधा घेतला तर एकीच्या फुगवट्याशेजारी दुसरीची खाली गेलेली कडा येते आणि आईच्या अंगठ्याला ठेच. सांधा एक तृतीयांशावर घ्यायचा. फट तीन मिलिमीटर, भिंतीकडेला थोडी जास्त, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. "जॉइंटलेस करून देतो" याला भुलू नका.

रंग मधासारखा घेतलाय. गडद रंगावर आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठतात, फिकटावर रानातल्या पायांची काळी माती दिसते. फटीत भरायचं ग्राउटही त्याच रंगाचं. चित्रातली लाकडाची एकच गाठ सगळीकडे दिसायला नको, म्हणून लावण्याआधी चार-पाच खोकी फोडून पट्ट्या मिसळून घ्यायच्या. आई, हे तू बघ, बाबांना कंटाळा येईल.

एक उणीव सांगून ठेवते. भरलेला हंडा पडला तर टवका उडतो आणि आतला फिका रंग दिसतो, कारण लाकडाचं चित्र फक्त वरवर असतं. आणि पौषात पाय गारठतील, सतरंजी अंथरावी लागेल.

बैठक १८० चौरस फूट. एका खोक्यात पाच पट्ट्या, म्हणजे जवळपास १३ चौरस फूट. तुटफूट धरून १६ खोकी सांगितलीत. उतरवून घेताना सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना ते बघा. बाबा, चष्मा लावून. उरलेल्या पट्ट्या माळ्यावर ठेवा, पुढे तो रंग मिळेलच असं नाही.

उंबऱ्याला हात लावू द्यायचा नाही. फरशी त्याच्यापाशी अर्धा इंच वर येईल, तेवढी उतरती घ्यायला सांगा. दार खालून रंधून घ्यावं लागेल. तुळयांपैकी दोन चांगल्या निघाल्या तर ढेलजेत झोपाळा करू, मी सुट्टीत आल्यावर सुताराला बोलावते. तोवर विकू नका.

तुमची,
माई