रथ बघायला या, पण ओढायला नको

भुवनेश्वर, 5 मे 2026

ती. आई व ती. बाबा,
सा. न.

पुरीला यायचं ठरवलंत, बरं झालं. फक्त एक बदल करा. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे रथयात्रा थेट 16 जुलैला, गुरुवारी आली आहे. त्या दिवशी येऊ नका. 19 तारखेला नागपुरातून बसा, 20, 21, 22 पुरीत राहा आणि 23ला सकाळीच निघा. पेरणी आटोपलेली असेल, डवरणी चार दिवस गडी बघेल.

आता कारण सांगते. वटपौर्णिमेला इथे देवांना 108 घागरींनी स्नान घालतात. त्यानंतर देव आजारी पडले असं मानून पंधरा दिवस दर्शन बंद असतं. मग आषाढ शुद्ध द्वितीयेला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा रथांत बसून तीनेक किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरात जातात. तिथे आठवडाभर मुक्काम, आणि यंदा 24 जुलैला परत. त्या परतीला बाहुडा म्हणतात. म्हणजे या आठवड्यात मोठ्या देवळात गेलात तर रत्नसिंहासन रिकामं दिसेल. दुरून आलेल्या किती तरी लोकांची इथेच फसगत होते. दर्शन गुंडिचात आहे, त्याला आडप दर्शन म्हणतात.

गर्दीचंही तसंच. देव रथावर असतात तोवर लोक रथाला चिकटून असतात. 2025 साली रथ गुंडिचापुढे पोचले होते, पण देव अजून आत गेले नव्हते. त्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झाली आणि 3 माणसं गेली. देव आत गेले की रांग लागते, आणि रांगेत निदान श्वास घेता येतो. 23च्या संध्याकाळी नवमीचं सांध्य दर्शन असतं. त्याला मोठं पुण्य मानतात, म्हणून पुन्हा लोंढा येतो. त्याआधी तुम्ही गाडीत बसलेले बरे.

आणि बाबा, रथ चुकतील असं मनात आणू नका. तिन्ही रथ आठवडाभर गुंडिचाबाहेरच उभे असतात, आणि बैलगाडीचं काम कळणाऱ्या माणसाने ते उभे असतानाच बघावेत. जगन्नाथाच्या नंदिघोषाला 16 चाकं, बलभद्राच्या तालध्वजाला 14, सुभद्रेच्या दर्पदलनाला 12. नंदिघोषाचं चाक पुरुषभर उंचीहून मोठं, सुमारे 7 फुटी. तुंबा, आरे, पुठ्ठे सगळं आपल्या बंडीसारखंच, पण बंडीला दोन चाकं असतात, म्हणून बैल वळले की ती वळते. इथे सगळे आस पक्के, वळायला काहीच सोय नाही. दोर एका बाजूने जास्त ओढला गेला की रथ रस्त्याच्या कडेला सरकतो. मग चाकाखाली ओंडके घालून, दोरांचा ताण बदलून तो परत मध्ये आणावा लागतो. थांबवायचं असेल तरी चाकापुढे लाकूडच टाकतात. यातच तासन्‌तास जातात, आणि सूर्य मावळला की ओढणं बंद, उरलेला रस्ता दुसऱ्या दिवशी. लाकूड दरवर्षी नवं, काम अक्षय तृतीयेला सुरू. 20 तारखेच्या हेरा पंचमीनंतर हे धूड परतीसाठी दक्षिणेकडे फिरवतात. जमलं तर ते जरूर बघा. रथाला हात लावता आला तर लावा, वर चढायचं मात्र नाही.

आई, हेरा पंचमी तुझ्यासाठी. नवरा तिला घरी ठेवून भावाबहिणीला घेऊन गेला म्हणून लक्ष्मी रागाने पालखीतून गुंडिचाला येते आणि जाताना नंदिघोषाचं एक लाकूड मोडून जाते! यंदा ते 20 तारखेला आहे. देव घरी परततात तेव्हा ती दार लावून घेते, मग रसगुल्ला देऊन समजूत काढावी लागते.

गाडीचं. अहमदाबाद–पुरी नागपूरवरून जाते. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे या महिन्याच्या 20 तारखेच्या सुमारास. पहिल्याच दिवशी काढा. ज्येष्ठांची तिकीट सवलत 2020पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. मात्र एका तिकिटावर तुम्ही दोघंच असाल तरच तो मिळतो. काकांना त्यात जोडू नका, त्यांचं वेगळं काढा. पुरीत खोली गुंडिचाच्या बाजूला बघते. रथाच्या रस्त्यावर त्या दिवसांत वाहनं सोडत नाहीत, चालावंच लागतं.

दर्शनाला पहाटे जा. आपल्याकडचं ऊन कोरडं, इथे दमट हवेने घाम वाळतच नाही आणि तहान न लागताच अंगातलं पाणी जातं. बाबांनी दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला तरी इथे फारसा गारवा येत नाही. मीठ-साखरेचं पाणी घ्या. मोबाइल आणि चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत. फोन जमा केला की चुकामूक ठरलेली, म्हणून आधीच एक खूण ठरवा आणि खोलीचा पत्ता दोघांच्याही खिशात कागदावर ठेवा. कुणी पंडा मागे लागला तर हात जोडून पुढे व्हा. आकडा न ठरवता ताटलीत, हातात पैसे टाकले की तिथून पुढे मागणं वाढतच जातं.

महाप्रसादही या आठवड्यात गुंडिचातच शिजतो. मातीच्या मडक्यांत, लाकडाच्या जाळावर. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो काही नाही. भाव आधी विचारा. जमिनीवर बसूनच खायचा असतो, तेव्हा आई, गुडघ्याचा पट्टा लावून ये. घरी न्यायला खाजा टिकतो. दुकानदार ‘निर्माल्य’ विचारेल, ते सुकलेल्या फुलांचं नाही. वाळवलेल्या महाप्रसादाच्या भाताला इथे निर्माल्य म्हणतात.

मोठ्या देवळात देव नसले तरी सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ बाहेरून बघा. सुमारे 34 फुटांचा हा खांब मराठ्यांच्या काळात कोणार्कहून आणला. 1751 ते 1803 इथे आपल्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता.

25 तारखेला तुम्ही घरी टीव्हीवर पंढरपूर लावालच. त्याच आषाढी एकादशीला इथे सिंहद्वारापुढे रथावरच देवांना सोन्याचे हातपाय, मुकुट चढवतात. दूरदर्शनवर तेही दाखवतात.

तिकीट निघालं की लगेच कळवा, खोली अडवून ठेवते.

तुमची,
बेबी