कुसळ काढण्याच्या संचातील सदोष चिमटा व घातक सूचनांचे माहितीपत्रक यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: कुसळे व काटे काढण्याच्या घरगुती संचातील माहितीपत्रक मागे घेण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा कुसळे व काटे काढण्याचा घरगुती संच मी अलीकडेच विकत घेतला. त्यात टोकदार चिमटा, सुई, भिंग, मलमाची लहान नळी आणि घडी घातलेले माहितीपत्रक असते. त्यातील चिमट्याविषयी मी फोनवरून आधीच तक्रार नोंदवली असून, तो बदलून देण्याची तयारी आपल्या प्रतिनिधीने दाखवली आहे. त्याबद्दल मी आभारी आहे. मात्र माझी मुख्य तक्रार माहितीपत्रकाविषयी आहे आणि ती त्या संभाषणात नोंदवूनच घेतली गेली नाही, म्हणून हे लेखी पत्र पाठवीत आहे. चिमटा बदलला आणि सूचना त्याच राहिल्या, तर पुढच्या ग्राहकाच्या हातातले कुसळही आमच्या घरी मोडले तसेच आत मोडेल.

माझ्या पतींच्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी जुन्या दाराच्या चौकटीचे कुसळ तिरपे शिरले होते आणि त्याचे टोक त्वचेबाहेर किंचित दिसत होते. घरच्या घरी काढण्यासाठी याहून सोयीची स्थिती क्वचितच मिळते, कारण हात आणि ती जागा साबणाने स्वच्छ धुऊन, अल्कोहोलने पुसलेल्या चिमट्याने टोक धरून, कुसळ ज्या कोनातून आत गेले त्याच कोनातून ओढले की बहुतेक वेळा काम भागते. आपल्या माहितीपत्रकात मात्र पहिलीच सूचना अशी आहे की, कुसळ कोणतेही असो, तो भाग अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे ते मऊ होऊन वर येते. आम्ही तिचे तंतोतंत पालन केले.

लाकूड पाणी शोषते आणि फुगते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत घट्ट बसते, तेच त्वचेखाली अडकलेल्या लाकडाच्या बारीक तंतूंचे होते, आणि भर म्हणजे भिजलेले तंतू कमजोर होऊन ओढताना तुटतात. म्हणूनच लाकडी कुसळ भिजवू नये असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. काच किंवा धातूचा कण असेल तर कोमट पाण्याने वरची त्वचा मऊ पडते आणि त्याचा थोडा उपयोग होतोही, कारण तो कण स्वतः फुगत नाही. परंतु आपल्या माहितीपत्रकात लाकूड, काच, धातू आणि झाडाचा काटा यांत कोठेही फरक केलेला नाही. संचाच्या वेष्टणावर लाकडाच्या ढलपीचेच मोठे चित्र असताना लाकडालाच न चालणारी सूचना आत पहिल्या क्रमांकावर असावी, हे पाहता हा मजकूर छापण्यापूर्वी एखाद्या डॉक्टरने वाचला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

भिजवून झाल्यावर चिमटा वापरला. त्याची दोन्ही टोके एकमेकांवर नीट जुळत नाहीत. हलक्या हाताने धरल्यास मध्ये फट राहते आणि जोर दिल्यास पात्यांचा मधला भाग आधी एकमेकांना टेकून टोके उलट फाकतात. संच जपून ठेवला आहे. कागदाचा पातळ कपटाही या चिमट्यात टिकत नाही, हे आपले कर्मचारी स्वतः पडताळून पाहू शकतात. अशा चिमट्याने कुसळ धरण्याचा प्रयत्न करताच बाहेरचे टोक तुटले आणि उरलेला भाग त्वचेखाली गेला. भिंगाबद्दल एवढेच लिहिते की, कडेला आकृती वेडीवाकडी दिसते, मध्यभागी मात्र ते कामापुरते ठीक आहे.

टोक तुटल्यास काय करावे, याचे उत्तर आपले माहितीपत्रक देते, आणि तेही तितकेच घातक आहे. कडेची त्वचा दोन्ही बाजूंनी जोराने दाबून कुसळ वर ढकलावे, असे त्यात म्हटले आहे. अशा दाबाने कुसळाचे तुकडे होऊ शकतात किंवा ते आणखी खोल जाऊ शकते. त्याऐवजी निर्जंतुक सुईने कुसळावरील त्वचेचा वरचा थर अलगद उघडून त्याचे टोक मोकळे करायचे आणि मग चिमटा लावायचा, ही साधी रीत आहे. सुई संचात असूनही ही रीत सांगितलेली नाही. सांगितले आहे ते एवढेच की, सुई मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावी. मेणबत्तीच्या ज्योतीने सुईवर काजळी धरते आणि ती काजळी जखमेत जाते. शिवाय ज्या सुईच्या पाकिटावर आपणच ‘निर्जंतुक’ असे छापले आहे, ती पुन्हा ज्योतीवर धरायला का सांगावे, हे मला उमगले नाही. आमच्या संचातले ते पाकीट एका बाजूने चिकटवलेलेच नव्हते, हे कारण असेल तर ती वेगळी तक्रार समजावी.

यानंतर येते मलम. ते रात्रभर लावून ठेवल्यास खोलवरचे कुसळ ‘खेचून बाहेर काढते’, असा दावा नळीवर आणि माहितीपत्रकात दोन्हीकडे आहे. खोल रुतलेले लाकूड मलमाने खेचले जाते, याचा कोणताही आधार आपण दिलेला नाही. लाकूड आणि काटे हे सेंद्रिय पदार्थ असल्याने शरीर त्यांना सहसा स्वस्थ बसू देत नाही. जागा सुजते, कधी पू होतो आणि त्या पुवाबरोबर कुसळ बाहेरही येते. बहुधा यालाच मलमाचा गुण म्हटले जात असावे. पू होण्याची वाट पाहणे हा उपचार नव्हे, आणि तशी वाट पाहायला लावणारा दावा कंपनीने विकत्या मालावर छापू नये. आमच्या बाबतीत मलमाखाली तळहात लाल होऊन ठणकू लागला आणि अखेर डॉक्टरांनी ती जागा बधिर करून, छोटा छेद घेऊन उरलेला तुकडा काढला.

डॉक्टरांनी प्रथम विचारले ते धनुर्वाताच्या लसीविषयी. या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू मातीत असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल, बारीक जखमेत ते वाढू शकतात. जखम खोल किंवा मळलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन 5 वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते. आपल्या माहितीपत्रकात धनुर्वाताचा उल्लेखच नाही. घरी प्रयत्न कोठे थांबवावा, हेही त्यात नाही. डोळ्याजवळ रुतलेला कण, नखाखाली खोल गेलेले कुसळ, मधुमेहामुळे बधिर झालेला पाय, पसरत जाणारी लाली किंवा ताप, यांपैकी काहीही असल्यास संच बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, एवढे एक वाक्य तरी हवे होते. उलट, अगदी वरच्या थरातले, न दुखणारे सूक्ष्म कुसळ त्वचेच्या झडण्याबरोबर आपोआप निघून जाते आणि त्याला टोचत बसण्याची गरज नसते, हेही त्यात कोठे लिहिलेले नाही. अर्थात, तसे लिहिल्याने संचाचा खप वाढणार नाही, हे मी समजू शकते.

तरी माझ्या मागण्या अशा आहेत. सध्याचे माहितीपत्रक असलेल्या संचांची विक्री ताबडतोब थांबवावी आणि वैद्यकीय तज्ज्ञाकडून तपासून घेतलेला नवा मजकूर छापावा. मलमावरील ‘खेचून बाहेर काढते’ हा दावा काढून टाकावा. ज्यांनी संच आधीच घेतला आहे, त्यांच्यापर्यंत निदान लाकडी कुसळ न भिजवण्याची सूचना पोहोचवावी. चिमट्याच्या आणि सुईच्या पाकिटाच्या तपासणीत ही उणीव कशी सुटली, याचा लेखी खुलासा मला मिळावा. बदली चिमटा मला नको आहे. संचाची पूर्ण रक्कम आणि डॉक्टरांकडील उपचाराचा खर्च परत मिळावा. खरेदीची व उपचाराची पावती, चिमट्याची छायाचित्रे आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. मूळ संच तपासणीसाठी हवा असल्यास आपला माणूस पाठवून पोच देऊन न्यावा, तो मी टपालाने पाठवणार नाही.

कळावे.

आपली,
एक ग्राहक